आमच्या गावात तंटा नाही

३ जुलै, सकाळी

आजपासून रोज लिहायचं. मी गावच्या तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष आहो, अन् अध्यक्षापाशी लेखी नोंद पायजे. आजवर जमलं नाही, काहून की घरात सारखं कोणी ना कोणी बोलून राह्यते. सध्या घर शांत आहे. कोकिळा अर्पिताकडे, म्हणजे आमच्या पोरीकडे, यवतमाळले गेली आहे. गुडघ्याची ट्रीटमेंट. आठ दिवसांचं म्हणून गेलती, त्याले महिना होऊन गेला. ट्रीटमेंट चांगली असली की वेळ लागतेच.

मुद्द्यावर येतो. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत अध्यक्ष बदलायचा डाव शिजून राह्यला. अतुल नावाचा पोरगा आहे, इंजिनीरिंग करून घरी बसला. म्हणते, काका, आता नवीन लोकाले चान्स द्या. चान्स म्हणजे काय खिडकीची सीट आहे? पुसद डेपोत जिंदगी घातली मी कंडक्टरकीत. खिडकीच्या सीटवरून होणारे भांडणं नुसता दांडीवर तिकिटाचा पंच वाजवून मिटवले. माणसाले समजावणं माह्या रक्तातच आहे.

ठराव: ग्रामसभेत पोलीस ठाण्याचं रेकॉर्डच समोर ठेवायचं. माह्या कारकिर्दीत या गावातून ठाण्यात एकही तक्रार गेली नाही, हे सरकारी शिक्क्यानिशी दाखवायचं. ठराव एकमतानं मंजूर. उपस्थिती एक.

३ जुलै, संध्याकाळी

सकाळी एक लिहायचं राहून गेलं. ठाण्यात माह्यं वजन आहे. जूनमधी तिथून स्वतः फोन आला, रामरावजी, जरा येऊन जा. मी समजलो सत्कार असन. जाकीट घालून गेलो. पण ठाणेदार साहेब बंदोबस्तात होते. पुन्हा फोन आला, पुन्हा गेलो, पुन्हा जाकीट. त्या वेळी आमच्या बीटचे जमादार गुलाबसिंग काही तरी सांगणार होते, पण मी गावच्या प्रगतीवर बोलता बोलता परतीच्या बसची वेळ झाली. चांगला माणूस आहे. मन लावून ऐकते.

वरणात मीठ नव्हतं. नंतर समजलं की हळदही नव्हती.

५ जुलै

ठाण्यात गेलतो. गुलाबसिंगले म्हटलं, आमच्या गावात तंटा नाही असं एक सर्टिफिकेट लिहून द्या. ते म्हणे, काकाजी, जे झालं नाही त्याचं सर्टिफिकेट आमच्याकडे नसते. रेकॉर्ड पायजे असन तर माहिती अधिकारात अर्ज टाका. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, अन् कोणत्या नोंदी, तेवढं साफ लिहा. मग माह्या तोंडाकडे पाहत राह्यले अन् विचारलं, काकू कशा आहेत. मी म्हटलं, मजेत, ट्रीटमेंट चालू आहे. ते आणखी काही बोलणार होते, तेवढ्यात गावाले तंटामुक्तीचा पुरस्कार भेटला त्या वर्षीची गोष्ट मले आठवली, ती त्यायले सांगतली. त्यायनं आधी ऐकली होती म्हणे. चांगली गोष्ट दोनदा ऐकावी.

६ जुलै

दिवसभर अर्ज लिहिला. नुसती माहिती मागून भागत नाही, मागणारा कोण हेही सरकारले समजलं पायजे. आधी गावाचा इतिहास. मग समितीचा जन्म. मग नमुना म्हणून कुरड्या प्रकरण सविस्तर टाकलं. ते इथंही लिहून ठेवतो, कामी येईल.

मे महिन्यात शेजारच्या रामधनची म्हैस सुटली अन् आमच्या अंगणात कोकिळेनं वाळत घातलेल्या कुरड्यांवरून आरामात चालत गेली. कुरड्या अर्पिताच्या घरी धाडायच्या होत्या. कोकिळेनं म्हशीले काठी हाणली अन् रामधनच्या बायकोले दोन शब्द सुनावले. रामधनची बायको म्हणे, मी ठाण्यात जातो. अध्यक्षाच्या घरचा तंटा ठाण्यात! मी त्याच सांजेले चावडीवर लोक जमवले अन् साऱ्या गावासमोर स्वतःच्या बायकोले हात जोडून माफी मागायले लावली. म्हटलं, कुरड्या पुढच्या उन्हाळ्यात होतील, गावाचं नाव गेलं तर पुन्हा येत नाही. असा निवाडा कोणी केला नसन. टाळ्या पडल्या. पहिली टाळी माही होती.

कोकिळेनं घरी येऊन यावर काहीच चर्चा केली नाही. म्हणजे तिले निर्णय मान्य होता. पुढच्या आठवड्यात तिचे गुडघे दुखायले लागले.

८ जुलै

ठाण्यात अर्जाचं टेबल दीपमाला नावाच्या पोलीस बाईकडे आहे. पोरगी हुशार आहे, पण वाचनाची आवड नाही. माह्या अर्जाचा गठ्ठा हातात घेऊन तिनं वजन केलं अन् बाजूले ठेवला. म्हणे, काकाजी, चार ओळी लागतात. वर लिहा जन माहिती अधिकारी. खाली गावाचं नाव, कोणता काळ, कोणत्या नोंदींच्या प्रती पायजेत. तुमचा पत्ता, सही. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवा अन् पोच घेऊन जा. पोच हरवू नका. तीस दिवसांत उत्तर येते.

मी म्हटलं, अन् माहिती कायले पायजे ते? ती म्हणे, ते लिहायचंच नसते, कायद्यात कोणी विचारूही शकत नाही. घ्या आता. तीच तर माह्या अर्जातली खरी मजा होती.

चार ओळींचा अर्ज दिला. पोच घेतली. पोचवर शिक्का लय सुंदर उमटला आहे. घरी आल्यावर कोणाले तरी दाखवावं वाटलं. रामधनची म्हैस अंगणात बांधून होती. रामधन घरी नव्हता.

९ जुलै

अर्पिताले फोन केला. तिले अर्जाची सारी हकीकत सांगतली. फोन तिच्या आईले दे म्हटलं तर म्हणे, आई झोपली. सकाळी नऊ वाजता! यवतमाळची हवा चांगली दिसते. मग म्हणे, बाबा, आई कशी आहे हे तरी विचारा. मी म्हटलं, विचारायचं काय, ट्रीटमेंट चालू आहे म्हटल्यावर चांगलीच असन. ती म्हणे, "बाबा, आई इथं कोणत्याच डॉक्टरकडे जात नाही."

म्हणजे घरगुती उपाय चालू आहेत. ते बरं. डॉक्टर नुसते इंजेक्शनं देतात.

१२ जुलै

आज थोडी गडबड झाली.

सहज ठाण्यात गेलतो. तसं मी रोजच जातो, अर्ज कुठपर्यंत आला ते पाहायले. तिथं बाकावर बसलं की दोन माणसं येतात, चार गोष्टी होतात. गुलाबसिंगनं बाजूले बोलावलं. म्हणे, काकाजी, जूनमधी तुमाले दोनदा बोलावलं ते सत्कारासाठी नाही. तुमच्या गावाचा आकडा शून्य येणार नाही. एक तक्रारी अर्ज आहे, अन् तो तुमच्या घरचा आहे. कोकिळाकाकू स्वतः येऊन देऊन गेल्या.

मी म्हटलं, शक्यच नाही, आमच्या घरचं कोणी असतं तर आधी समितीकडे आलं असतं. गुलाबसिंग म्हणे, तेच आम्हीही त्यायले म्हटलं, नियमाप्रमाणे आधी गावच्या समितीकडे जा. तर काकू म्हणाल्या, "समिती माह्याच घरात राह्यते. रोज वाढतो मी तिले."

मी खूप विचार केला. उघड आहे की रेकॉर्डमधी गफलत झाली. तालुक्यात रामराव काय मी एकटाच आहो? अन् कोकिळा नावाच्याही बाया असतीलच. पोलिसांवर कामाचा लोड आहे, मी समजू शकतो.

ठराव: चूक दुरुस्त करून घ्यायची. कोणाले बोलायचं नाही. कोणी विचारलंही नाही.

१४ जुलै

दुसरा अर्ज दिला. सदर चुकीच्या नोंदीची प्रत भेटावी. यावेळी एका पानात बसवला.

दीपमाला म्हणे, काकाजी, हा अर्ज काकूंचा आहे. त्याची प्रत दुसऱ्या कोणाले द्यायची तर आधी त्यायले लेखी विचारावं लागते, हरकत आहे का म्हणून. मी म्हटलं, दुसरा कोण? मी नवरा आहो. ती म्हणे, कायद्यात त्याले वेगळी सूट नाही.

म्हणजे आता सरकार कोकिळेले पत्र लिहून विचारणार की तुमच्या मालकाले दाखवायचं का. काही का असेना, या निमित्तानं आमचा पत्रव्यवहार सुरू होते. शिक्क्यासकट.

१९ जुलै

कोकिळेचं उत्तर अजून नाही. पोस्टाचा दोष.

ठाण्याच्या बाकावर दोन पोट्टे मोटरसायकलनं कट मारला म्हणून भांडून राह्यलते. मी समोर खुर्ची ओढली अन् दोघाले समजावणं सुरू केलं. एसटीतली उदाहरणं दिली. थोड्या वेळानं दोघंही एकाच मोटरसायकलवर बसून निघून गेले. तंटा मिटला. साहेबांनी आत बोलावलं, वाटलं आता तरी काही चांगलं म्हणतील. ते लय अदबीनं म्हणे, रामरावजी, तुमी घरी आराम करा, उत्तर आलं की आम्हीच फोन करू.

म्हणजे माह्या तब्येतीची काळजी करतात. तरी उद्या जाईन म्हणतो. घरी आराम करायले कोणी पायजे ना, जो म्हणन की आराम करा.

२४ जुलै

कुकरनं दगा दिला. शिट्टी उडून छताले लागली. भात भिंतीवर.

रामधन आवाज ऐकून आला अन् बायकोनं दिलेली भाकर अन् ताक ठेवून गेला. जाता जाता दारात अडला. म्हणे, दादा, वहिनीले घेऊन या. म्हैस माही होती, दावं मीच नीट बांधलं नव्हतं. त्या दिवशी चावडीवर मीच माफी मागणार होतो. दोनदा उठलो. तुमी बोलून राह्यलते, मधात जागाच भेटली नाही.

रामधन भोळा आहे. ठराव झालेला विषय पुन्हा काढता येत नाही, हे त्याले समजत नाही. ताक चांगलं होतं. कोकिळा त्यात जिरं घालते.

२९ जुलै

उत्तर आलं! दीपमालाचा फोन. कोकिळेनं होकार दिला. मी म्हटलंच होतं. बायको शेवटी बायको असते.

पण होकाराले एक अट आहे. कागद नुसता हातात द्यायचा नाही, असं तिनं लिहिलं आहे. त्यायले समोर बसवून वाचून दाखवा, अन् वाचताना मधात बोलू देऊ नका. बोलले तर बंद करा.

दीपमाला म्हणे, अशी अट आमच्या कायद्यात कुठं बसते माहीत नाही, पण साहेब म्हणाले काकूंचं ऐकू. उद्या या.

साधी अट आहे. उद्या अर्ध्या तासाचं काम.

३० जुलै

वाचन होऊ शकलं नाही. दीपमालानं सुरू केलं, मी कोकिळा रामराव भोयर, वय अठ्ठावन्न. आता कोकिळेचं वय सत्तावन्न आहे. मी नुसतं तेवढं दुरुस्त केलं. सरकारी कागदात चूक नको. तिनं फाईल बंद केली.

३१ जुलै

आज वयापुढे गेलो. 'माहे मालक रिटायर कंडक्टर आहेत' इथं माह्या तोंडून सहज 'सीनियर' निघालं. फाईल बंद. गुलाबसिंगनं कपाळाले हात लावला.

१ ऑगस्ट

तोंडात सुपारीचं मोठं खांड धरून गेलो. कोकिळेनं जसं सांगतलं तसंच दीपमालानं जूनमधी लिहून घेतलं होतं, शब्दाले शब्द. तसंच तिनं वाचलं. लक्षात आहे तेवढं उतरवून ठेवतो.

माह्या मालकानं मले मारलं नाही. दारू पेत नाही. पेन्शन हातात आणून देतात. माही तशी तक्रार नाही. एसटीत होते तोवर मी घरी एकटी राहो, मले वाटे रिटायर झाले की दोन शब्द बोलायले माणूस भेटन. आता ते दिवसभर बोलतात, अन् मी पहिलेपेक्षा एकटी आहो. गावातल्या साऱ्यांचं ऐकून घेतात, माह्यं ऐकत नाहीत. कुरड्या माह्या होत्या. माफी मले मागायले लावली. मी हात जोडले तेव्हा रामधनभाऊ खाली पाहत होते, अन् हे टाळी वाजवत होते. मले केस करायची नाही. त्यायले फक्त बोलावून कोणी तरी समजावून सांगा, मी सांगून पाह्यलं. त्यायनं त्याच लोकांसमोर एकदा म्हणावं, माह्यं चुकलं. तेवढं झालं की मी घरी येतो. नाही तर मी आहो तिथं बरी आहो.

खाली सही. कोकिळेची सही मी लय दिवसांनी ऐकली, म्हणजे दीपमालानं फक्त 'सही' असं वाचलं.

माह्या तोंडातली सुपारी गिळल्या गेली. मले तेव्हा बोलायची परवानगी होती, पण काही आलंच नाही. गुलाबसिंगनं चहा मागवला.

घरी येऊन अंगणात बसलो. लय एकटं वाटलं. जेवलो नाही.

२ ऑगस्ट

सकाळी डोकं साफ झालं. काल मी उगाच हबकलो. काल उतरवलेलं पुन्हा नीट वाचलं तर गोष्ट माह्या बाजूची आहे. कोकिळेची मागणी काय? रामरावनं चारचौघांत उभं राहून बोलावं. बोलणं तर आपलं क्षेत्र आहे! पंधरा ऑगस्टची ग्रामसभा समोर आहे, तेच लोक, तीच चावडी, वरून माईक.

ठराव: ग्रामसभेत माफी मागायची. अशी मागायची की तालुक्यात नाव निघन. कोकिळेले त्या दिवशी बोलवायचं.

४ ऑगस्ट

अर्पिताले फोन करून सांगतलं. ती एकदम रडायलेच लागली. मग म्हणे, मी आईले घेऊन येतो पंधराले. बाबा, एकच वाक्य आहे. उभे राहा, म्हणा, अन् खाली बसा.

पोरगी शिकली आहे, पण भाषणाचं तिले काही समजत नाही. एका वाक्याचं कुठं भाषण असते?

मागून कोकिळेचा आवाज आला. काय म्हणाली ते समजलं नाही, पण आवाज तिचाच होता. फोन ठेवल्यावर अंगण झाडून काढलं.

९ ऑगस्ट

माह्या पहिल्या अर्जाचं उत्तर आलं. आपल्या गावातून सदर काळात प्राप्त तक्रारी अर्ज, एक. खाली शिक्का. पोचवर होता तसाच सुंदर.

हा कागद ग्रामसभेत दाखवावा का यावर दिवसभर विचार केला. दाखवला तर अध्यक्षपद जाते. नाही दाखवला तर अतुल विचारन. शेवटी भाषणातच घेतला, तिसऱ्या भागात. पारदर्शक कारभार.

१२ ऑगस्ट

भाषण वाढून राह्यलं. माफी अशी एकदम मागता येत नाही, तिले पार्श्वभूमी लागते. पहिल्या भागात समितीची स्थापना. दुसऱ्यात एसटीचे अनुभव, मन मोकळं करायले. मग आकडेवारी. मग 'कुटुंब अन् गाव' असा एक भाग आपोआपच सुचला, लय चांगला उतरला. माफी शेवटी ठेवली. चांगली वस्तू शेवटीच काढावी लागते, नाही तर आधीच लोक उठून जातात. शेवटच्या पानावर ती एकटीच ठेवली आहे, वर काही नाही, खाली काही नाही.

रामधनले वाचून दाखवलं. मधात त्याले म्हैस पिळायले जावं लागलं. परत आला तेव्हा मी तिसऱ्याच भागात होतो. म्हणे, दादा, शेवटचं पान पहिले वाचा ना. मी हसलो. असं कोणी करते का?

१४ ऑगस्ट

जाकीट धुवून वाळत घातलं. कोकिळेची खोली उघडून हवा खेळू दिली. तिच्या पलंगावर चादर बदलली, उलटी घातली गेली, पुन्हा घातली. उद्या ती इथंच झोपन. बाजारातून जिरं आणलं.

मन एकदम खुश आहे.

१५ ऑगस्ट, संध्याकाळी

जसं झालं तसं लिहितो.

झेंडा झाला. चावडीवर ग्रामसभा भरली. कोकिळा अर्पितासंगं आली. हिरवं लुगडं. गुडघे एकदम ठीक दिसले. मागं बायांमधी रामधनच्या बायकोजवळ बसली. दोघी काही तरी बोलल्या, रामधनच्या बायकोनं तिचा हात धरला. मी इकडून हात हलवला. तिनं पाह्यलं.

सरपंच ममताताईनं माह्यं नाव पुकारलं अन् म्हणे, काका, थोडक्यात. मी सुरू केलं. सुरुवात चांगली गेली. समितीच्या स्थापनेपर्यंत सारे बसून होते. एसटीच्या भागात पोरं उठले, काहून की शाळेत बुंदी वाटणं सुरू झालं. ममताताईनं चिठ्ठी धाडली. मी ती वाचून खिशात ठेवली. आकडेवारीत मी तो ठाण्याचा कागद काढला अन् एक अर्ज आहे, तो माह्या घरचा आहे, असं छातीठोक सांगतलं. त्यावर कुजबुज झाली. ती शांत व्हावी म्हणून पुरस्काराच्या वर्षाची गोष्ट घेतली. ती भाषणात नव्हती, पण त्या जागी शोभली.

मधे मधे मी मागं पाहत होतो. कोकिळा सरळ बसून होती. सारा वेळ माह्याकडे पाहून राह्यली. डोळा नाही हलवला. मले वाटलं, भाषणात रमली.

'कुटुंब अन् गाव' सुरू केलं तेव्हा यवतमाळच्या गाडीचा हॉर्न वाजला. ती गाडी फाट्यावर किती थांबते हे मले नाही तर कोणाले माहीत? अर्पिता उठली. कोकिळा बसूनच होती. अर्पितानं खांद्याले हात लावला तरी बसूनच होती. मी वाचण्याचा वेग वाढवला. हातात अजून पानं होती. ममताताईनं माईक बंद केला अन् पुढचा विषय घेतला. अतुलच्या नावावर हात वर झाले. मी बिनमाईकचा वाचतच होतो.

मग कोकिळा उठली. जायची वाट माह्याच बाजूनं होती. जवळ येऊन थांबली. मी म्हटलं, थांब, झालंच, शेवटचं पान राह्यलं. ती म्हणाली, "पाणी पेऊन घ्या. घसा बसला तुमचा." मग ती अन् अर्पिता फाट्याकडे गेल्या. गाडीतल्या कंडक्टरनं दोघींसाठी थोडा वेळ दार धरून ठेवलं, ते इथून दिसलं. चांगला कंडक्टर आहे.

रामधननं माह्या हातातून पानं घेतली अन् मले घरी आणून सोडलं.

१६ ऑगस्ट, संध्याकाळी

आज ठाण्यात गेलो नाही. आता तिथं माह्यं काही काम नाही. अतुल सकाळी आला, समितीचा शिक्का मागायले. देऊन टाकला.

दिवसभर कोणी आलं नाही. सांजेले शेवटचं पान काढलं अन् उभं राहून मोठ्यानं वाचलं. कोकिळा, माह्यं चुकलं. एवढंच होतं. म्हणायले काहीच वेळ लागला नाही.

मग अर्पिताच्या फोनवर लावला. कोकिळेनंच उचलला. ती म्हणाली, बोला. पान हातातच होतं. मी म्हटलं, काही नाही, जेवण झालं का ते विचारायले केला. ती म्हणाली, झालं, तुमचं? मी म्हटलं, माह्यंही झालं. ती म्हणाली, बरं. मग ठेवला.

मी उठून भात टाकला.